कंप्रेसर दाबायचा किती, ऐकायचं किती मोठ्यानं? : वाचकांचे प्रश्न

या वेळी फक्त मिक्सिंगचे प्रश्न घेतले आहेत. 'कोणतं प्लगइन घेऊ?' असे प्रश्न बाजूला ठेवले, कारण खाली लिहिलेलं सगळं कुठल्याही सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या साध्या कंप्रेसर-लिमिटरवर जमतं. (कंप्रेसर मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करतो, लिमिटर ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊच देत नाही.) आकडे सुरुवातीसाठी आहेत, ते आपल्या ट्रॅकप्रमाणे हलवायचेच.

प्रश्न : गाण्याच्या ट्रॅकवर ६:१ रेशोचा कंप्रेसर लावलाय. मीटरची सुई दहा-दहा डीबी खाली जाते, तरी काही शब्द वाद्यांखाली गडप होतात आणि श्वास मात्र कानात घुसतात. रेशो आणखी वाढवू का?

उत्तर : वाढवू नका. आधी थोडी आकडेमोड करून पाहा. समजा गायिकेच्या हळू ओळी −२६ डीबीवर आहेत (डिजिटल मीटरवर शून्य सर्वांत वर) आणि वरच्या पट्टीतल्या −१० वर. फरक १६ डीबीचा. तुम्ही थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्यावर गेलेलाच आवाज कंप्रेसर दाबतो ती पातळी, −२२ ला ठेवलात. मोठी ओळ थ्रेशोल्डच्या १२ डीबी वर गेली, ६:१ नं त्या बाराचे दोन केले, ओळ −२० वर आली. सुई दहा डीबी हलली ती ही. हळू ओळ थ्रेशोल्डच्या खालीच असल्यामुळे कंप्रेसरनं तिला हातही लावला नाही. आता मेकअप गेन (दाबल्यावर सगळा आवाज परत वर नेणारी चावी) १० डीबी दिलात : मोठी ओळ परत −१० वर, हळू ओळ −१६ वर. अजून सहा डीबीचा फरक शिल्लक आहे, म्हणून शब्द गडप होतात. आणि −४५ वर असलेला श्वास −३५ वर आला, खोलीतला पंखा −६० वर होता तो −५० वर. मोठ्या ओळी होत्या तिथेच राहिल्या आणि कचरा मात्र दहा डीबी वर चढला.

यावरचा उपाय कंप्रेसरच्या आधी आहे. ट्रॅक ओळी-ओळींत कापा आणि क्लिप गेननं (त्या-त्या तुकड्याची स्वतःची पातळी) हळू ओळी ६ डीबी वर, मोठ्या ओळी ४ डीबी खाली आणा. आता त्या −२० आणि −१४ वर आल्या, फरक सहाचा उरला. श्वासांचे तुकडे वेगळे करून ६ ते १० डीबी खाली घ्या. पूर्ण पुसू नका, श्वासच नसलेलं गाणं ऐकताना ऐकणाऱ्याचा जीव गुदमरतो. मग कंप्रेसर ३:१, थ्रेशोल्ड −२० च्या आसपास. मोठ्या ओळीवर ४ डीबी रिडक्शन (दाब) मिळेल, ती −१८ वर बसेल. फरक फक्त दोन डीबीचा, मेकअप गेन चारच्या आत. काम अर्ध्या तासाचं आहे आणि कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० ते २० मिलिसेकंदांपासून सुरू करा. त्याहून फार जलद केलात तर क, ट, प यांची धार जाते आणि शब्द पुन्हा बुडतात, आवाज कितीही मोठा असला तरी. रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) ८० ते १५० मिलिसेकंद. एकाच कंप्रेसरकडून आठ डीबी ओढून घेण्यापेक्षा दोघांत वाटणी केलेली बरी. पहिला जलद, ११७६ नावाच्या यंत्राच्या जातीचा, फक्त उसळणाऱ्या शब्दांवर २-३ डीबी. दुसरा संथ, एलए-२ए या यंत्रासारखा ऑप्टिकल (प्रकाशाच्या मदतीनं दाबणारा), सतत २-३ डीबी. ऑप्टिकल कंप्रेसरचं रिलीज दोन टप्प्यांत होतं : निम्मं रिडक्शन साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतं, उरलेलं सुटायला काही सेकंदही लागतात. म्हणून तो ओळीचा एकंदर तोल धरतो, एकेक अक्षर पकडायला मात्र कमी पडतो.

कंप्रेशननंतर स आणि श टोचायला लागतील. डी-एसर (फक्त स-श दाबणारं साधन) ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात लावा, ३-४ डीबीपर्यंत. त्याहून जास्त लागत असेल तर तेवढे स क्लिप गेननं हातानं खाली घ्या, नाहीतर गायिका बोबडी वाटू लागते.

शेवटी ऑटो मेकअप बंद करा आणि बायपास (कंप्रेसर तात्पुरता बाजूला करणारं बटण) दाबत-सोडत मेकअप गेन असा जुळवा की दोन्हीकडे लाउडनेस सारखाच वाटेल. एक डीबीनं मोठा असलेला आवाज 'मोठा' म्हणून कळत नाही, 'चांगला' म्हणून कळतो. कंप्रेसरच्या बाबतीतले निम्मे चुकीचे निर्णय इथेच होतात.

प्रश्न : दोन वेगळ्या कंप्रेसरवर अटॅक १० मिलिसेकंद, रिलीज १०० ठेवलं तरी ड्रमचा परिणाम वेगळा येतो. आणि बासवर जलद अटॅक-रिलीज ठेवलं की करकर ऐकू येते. यंत्रात दोष आहे का?

उत्तर : दोष नाही. अटॅकचा आकडा नेमका कसा मोजायचा, याचं सगळ्यांनी पाळावं असं एकच प्रमाण नाही. कुणी रिडक्शनचा ६३ टक्के हिस्सा पूर्ण व्हायला लागणारा वेळ लिहितो, कुणी ९० टक्क्यांचा. ११७६ वर तर अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंदांत फिरतो, म्हणजे त्याचा सर्वांत संथ अटॅकसुद्धा एक मिलिसेकंदाच्या आत आहे. शिवाय त्याच्या अटॅक-रिलीजच्या चाव्या उजवीकडे फिरवल्या की वेग वाढतो. बऱ्याच प्लगइनमध्ये उलट असतं. त्यामुळे आकडा उतरवून घेण्यात अर्थ नाही.

त्याऐवजी असं करा. स्नेअरच्या ट्रॅकवर थ्रेशोल्ड मुद्दाम खाली ओढून १०-१२ डीबी रिडक्शन आणा, म्हणजे काय होतंय ते ठळक ऐकू येईल. अटॅक सर्वांत संथ करा आणि हळूहळू जलद करत चला. एका जागी काठीचा 'टक्' बोथट होईल. तिथून जरा मागे या, तुमचा अटॅक तो. मग रिलीज. पुढचा ठोका पडायच्या आत सुई शून्यावर किंवा त्याच्या जवळ परतली पाहिजे. ६०,००० भागिले टेम्पो केलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात : १२० च्या टेम्पोला ५००, अर्धी मात्रा २५०. स्नेअर एक सोडून एक मात्रेवर असेल तर हाताशी भरपूर वेळ आहे. हाय-हॅटसकट सगळ्या ड्रमवर लावत असाल तर २५० च्या आत राहा. सुई कधीच शून्यावर येत नसेल तर तो कंप्रेसर नुसता फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढल्यासारखा वागतोय. हे सगळं जमलं की थ्रेशोल्ड वर नेऊन रिडक्शन ३-४ डीबीवर आणा.

बासची करकर वेगळ्या कारणानं आहे. ५० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. रिलीज १० मिलिसेकंदांवर असेल तर एकाच आवर्तनात कंप्रेसर दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. म्हणजे लाटेचा आकारच बदलतो, आणि आकार बदलणं म्हणजेच डिस्टॉर्शन. बासवर अटॅक २० ते ४० आणि रिलीज ८० च्या वर ठेवा, करकर जाईल. कुणाला ती करकर हवीही असते. मग ती मुद्दाम ठेवा, पण ती कुठून आली हे माहीत असू द्या.

प्रश्न : मास्टर बसवरचा (सगळे ट्रॅक शेवटी एकत्र येतात तिथला) कंप्रेसर प्रत्येक किकला सगळं गाणं खाली ओढतो.

उत्तर : किकची ताकद सगळ्यात जास्त असते, त्यामुळे कंप्रेसर तिच्याच तालावर चालतो. साइडचेनमध्ये (कंप्रेसरच्या 'कानात') हाय-पास, म्हणजे खालचे स्वर अडवणारा, फिल्टर असेल तर तो ८० ते १२० हर्ट्झवर लावा. याने आवाजातला बास कापला जात नाही, फक्त कंप्रेसर जे 'ऐकतो' त्यातला कापला जातो. रेशो २:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज ऑटो किंवा ३०० मिलिसेकंद, रिडक्शन फार तर २ डीबी. स्टिरिओ लिंक चालू आहे ना तेही पाहा. तो बंद असेल तर डावीकडच्या एका मोठ्या ठोक्यानं फक्त डावी बाजू दबते आणि मधला गायक क्षणभर उजवीकडे सरकतो.

प्रश्न : लिमिटरचं सीलिंग ०.० डीबीवर ठेवून गाणं −९ एलयूएफएसपर्यंत (सरासरी लाउडनेसचं एकक) नेलं. घरी कुठेच लाल दिवा लागला नाही. ऑनलाइन चढवल्यावर मात्र झांजांवर चरचर येते आणि इतर गाण्यांपुढे आमचं गाणं दबलेलं वाटतं. इतकं मोठं करूनही?

उत्तर : दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

चरचर आधी. तुमचा साधा पीक मीटर फक्त सॅम्पल, म्हणजे लाटेवरून ठरावीक अंतरानं टिपलेले आकडे, मोजतो, पण खरी लाट दोन सॅम्पलच्या मधूनही जाते. सॅम्पलिंग दराच्या बरोबर चौथ्या हिश्शाची साइन लाट घ्या (४८ किलोहर्ट्झला १२ किलोहर्ट्झ) आणि सॅम्पल शिखराच्या अलीकडे-पलीकडे ४५ अंशांवर पडू द्या. मीटर खऱ्या शिखरापेक्षा ३ डीबी कमी दाखवेल. सीलिंग शून्यावर असेल तर ते अदृश्य शिखर ऐकणाऱ्याच्या यंत्रातल्या कन्व्हर्टरमध्ये कापलं जातं. त्यावर एमपी३ किंवा एएसीमध्ये फाइल दाबताना लाटेचा आकार आणखी थोडा बदलतो आणि शिखरं अजून वर सरकतात. झांजांसारख्या वरच्या पट्ट्यातल्या आवाजांत हे पहिल्यांदा ऐकू येतं. लिमिटरवर ट्रू पीक मोड चालू करा आणि सीलिंग −१ डीबीटीपी (ट्रू पीकचे डीबी) ठेवा. हा मोड आत किमान चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून (सॅम्पलच्या मधले आकडे काढून) मधली शिखरं शोधतो.

आता दबलेलं का वाटतं ते. एलयूएफएसचं मोजमाप आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) बीएस.१७७० या प्रमाणावर चालतं. स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाणं साधारण −१४ एलयूएफएसच्या पातळीला आणतात, ॲपल म्युझिकचा साउंड चेक −१६ ला. तुमचं −९ चं गाणं −१४ ला आणताना ५ डीबी खाली ओढलं जातं. सीलिंग −१ वर आणलंत तर त्याची शिखरं −१ वरून −६ वर येतात. शेजारचं गाणं मुळातच −१४ वर मिक्स केलेलं असेल तर त्याच्या स्नेअरची शिखरं −१ पर्यंत मोकळी उसळतात. दोन्हींचा सरासरी लाउडनेस एकच, पण ठोका त्यांच्याकडे आहे आणि तुमचा लिमिटरनं आधीच सपाट केलाय. तो परत येत नाही.

म्हणून सगळ्यांनी बरोबर −१४ वरच थांबावं, असंही नाही. जड गिटारचं गाणं −१० वर शोभूनही दिसेल. पण नुसतं मोठं वाटावं म्हणून −९ ला जाण्यात आता काही हाती लागत नाही. तुमच्या गाण्याच्या दोन आवृत्त्या काढा, एकीवर लिमिटर २ डीबी, दुसरीवर ७ डीबी. एलयूएफएस मीटर बघून मोठी आवृत्ती फेडरनं लहानीइतकी खाली आणा आणि मग डोळे मिटून निवडा. बहुतेक वेळा निर्णय पहिल्या कोरसमध्येच होतो.

लिमिटरला ७ डीबी दाबावंसं वाटतं तेव्हा दोष बहुधा मिक्समध्ये असतो. मीटर थांबवून बघा, सर्वांत उंच शिखर कुठे आहे. चार-दोन स्नेअरचे ठोके किंवा किक आणि बास एकाच क्षणी पडणं, यातलंच काहीतरी सापडतं. ते ठोके क्लिप गेननं २-३ डीबी खाली घ्या. ज्या ट्रॅकला खाली काही कामाचं नाही (गायन, गिटार, झांज), तिथे हाय-पास लावून खालची गुरगुर काढा. ती ऐकू येत नाही पण जागा खाते. एवढ्यानं लिमिटरचं निम्मं ओझं उतरतं.

बोलका कार्यक्रम असेल तर ॲपल पॉडकास्टची शिफारस −१६ एलयूएफएस, एक डीबी इकडेतिकडे, आणि शिखर −१ च्या वर नको. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचं आर१२८ प्रमाण प्रसारणासाठी −२३ सांगतं. गाण्याच्या फाइलला ते लावू नका.

प्रश्न : रात्री हळू आवाजात केलेला मिक्स दुसऱ्या दिवशी मोठ्यानं ऐकला की बास धडधडतो. स्पीकर बदलू का?

उत्तर : स्पीकर राहू द्या, त्यांच्या आवाजाच्या चावीवर खूण करा. आवाज लहान झाला की कान खालच्या स्वरांना मध्यम स्वरांपेक्षा बराच कमी संवेदनशील होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले. आज आयएसओ २२६ मध्ये त्यांची सुधारित रूपं आहेत. रात्री बास कमी ऐकू आला, म्हणून तुम्ही वाढवला, सकाळी तो उघडा पडला. मॉनिटरची चावी दररोज वेगळ्या जागी असेल तर कंप्रेसर, ईक्यू, सगळ्यांचेच निर्णय सरकत राहतात.

−२० डीबीएफएस आरएमएस पातळीचा पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खरखराट) वाजवा. डावा स्पीकर एकटा चालू ठेवा, ध्वनिमापक तुमच्या डोक्याच्या जागी धरा, सी-वेटिंग आणि स्लो. छोट्या खोलीत ७६ डीबी येईपर्यंत चावी फिरवा, उजव्याचंही तसंच करून दोन्ही जुळवा, आणि चावीवर रंगाचा ठिपका लावा. मोबाइलवरचं ॲप वापरलंत तर खरा आकडा दोन-चार डीबीनं इकडेतिकडे असेल. चालेल, कारण रोज तीच जागा मिळणं हे अचूक आकड्यापेक्षा महत्त्वाचं. तोल, बास आणि रिव्हर्ब यांचे निर्णय या ठिपक्यावर घ्या. मग डिम दाबा. बहुतेक मॉनिटर कंट्रोलरवर डिम म्हणजे साधारण २० डीबी खाली. त्या कुजबुजीत गायन आणि स्नेअर स्पष्ट उरले तर तोल बरोबर आहे. गायन नाहीसं होत असेल तर ते खालीच आहे, मोठ्यानं कितीही छान वाटलं तरी. बासचा निर्णय मात्र डिममध्ये घ्यायचा नाही.

मोठ्यानं ऐकणं दोन मिनिटांपुरतं ठेवा. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश संस्थेनं सुचवलेली मर्यादा ८५ डीबीए ला आठ तास आहे आणि दर तीन डीबीला ती निम्मी होते : ८८ ला चार, ९४ ला एकच तास. त्याआधीही कान थकतातच, आणि थकलेला कान वरचे स्वर वाढवत बसतो.

प्रश्न : मोनोचं बटण दाबलं की रुंद गिटार जवळजवळ नाहीशी होते.

उत्तर : एकच गिटार दोन ट्रॅकवर घालून एकीला काही मिलिसेकंद उशीर दिलाय, किंवा स्टिरिओ रुंद करणारं प्लगइन लावलंय, यातलं एक असणार. १२ मिलिसेकंदांचा उशीर दिला की मोनोमध्ये पहिला खड्डा ४२ हर्ट्झजवळ पडतो आणि पुढे दर ८३ हर्ट्झला एक, अगदी वरपर्यंत. गिटार राहते, पण तिला चाळणी झालेली असते. पूर्णच गायब होत असेल तर एका बाजूची पोलॅरिटी उलटी आहे, म्हणजे लाटेचं वर-खाली उलटं झालंय. प्लगइनमधलं बटण किंवा उलट जोडलेली केबल तपासा.

कंट्रोलरवर एका बाजूची पोलॅरिटी उलटवायचं बटण असेल तर ते आणि मोनो एकदम दाबून ऐका. मधोमध असलेलं सगळं (गायन, किक, बास) पुसलं जाईल आणि फक्त दोन्ही बाजूंतला फरक उरेल. तिथे बास ऐकू येत असेल तर तुमचा बास मधोमध नाही, आणि मोनोत त्याचाच बळी जाईल. तिथली गिटार नेहमीच्या स्टिरिओतल्यापेक्षा भरदार वाटली तरी तेच. खरी रुंदी हवी असेल तर गिटार दुसऱ्यांदा वाजवून घ्या; दोन वेगळे टेक मोनोत एकमेकांना असे खात नाहीत.

प्रश्न : रेकॉर्डिंगच्या वेळी गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा, कधी दुहेरी येतो. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो सॅम्पलचा गठ्ठा) १२८ वर आहे.

उत्तर : ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद. जाताना-येताना मिळून आणि कन्व्हर्टरचा वेळ धरूनही ते चालण्यासारखं आहे, त्यामुळे बफरवर संशय नको. मास्टरवर लिमिटर चालू ठेवलाय का? लुक-अहेड लिमिटर पुढचं शिखर आधी दिसावं म्हणून सगळा आवाज काही मिलिसेकंद थांबवून धरतो; लिनिअर-फेज ईक्यू तर आणखी कितीतरी. रेकॉर्डिंग संपेपर्यंत मास्टर बस मोकळी ठेवा. दुहेरी आवाज मात्र इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग दोन्ही चालू असल्यानं येतो. एक बंद करा.

आणि रेकॉर्ड करताना पातळी −१८ च्या आसपास, शिखरं −१० पर्यंत. २४ बिटला एवढी जागा सोडून काहीच बिघडत नाही. प्रीॲम्पमध्ये कापलेली लाट नंतर लावलेल्या कुठल्याही लिमिटरनं सांधत नाही.

प्रश्न : फेडरचं ऑटोमेशन केलं, कंप्रेसर तरीही तेवढाच ओढतो.

उत्तर : ट्रॅकवरचे प्लगइन सहसा फेडरच्या आधी असतात. कंप्रेसरला कमी-जास्त खायला घालायचं असेल तर क्लिप गेन किंवा कंप्रेसरच्या आधी लावलेलं गेन प्लगइन हलवा. फेडर फक्त निकाल वर-खाली करतो. बसवर मात्र उलटं होतं. ड्रमच्या ट्रॅकचे फेडर वर नेले की ड्रम बसवरचा कंप्रेसर जास्त दाबतो आणि ड्रम काही मोठे होत नाहीत. तिथे बसचा फेडर हलवा.

प्रश्न : मास्टरिंगला फाइल पाठवताना लिमिटर काढायचा का?

उत्तर : लाउडनेससाठी शेवटी लावलेला लिमिटर काढा. बस कंप्रेसर पहिल्यापासून चालू ठेवून त्याच्यावरच मिक्स केलं असेल तर तो राहू द्या, काढलात तर सगळा तोल सुटेल. लिमिटर काढल्यावर शिखरं शून्याच्या वर जात असतील तर मास्टर फेडर खाली घ्या. पण बस कंप्रेसर मास्टरवरच असेल आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो फेडरनंतर येत असेल, तर कंप्रेसरच्या नंतर एक गेन प्लगइन जोडून तिथे कमी करा. फाइल प्रोजेक्टच्याच सॅम्पल दराची, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट वेव्ह. सोबत लिमिटर लावलेली प्रतही द्या, नावात 'फक्त संदर्भासाठी' असं लिहून. तुम्ही इतके दिवस कशावर कान बसवलाय, ते मास्टरिंग करणाऱ्याला त्यातून कळतं.